बेलेरोफॉनचे कूळ: प्रस्तावना

समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या, पाठीवर कवच वागवणाऱ्या आणि आज पृथ्वीवर कुठेही न उरलेल्या एका प्राण्याविषयी हे पुस्तक आहे. त्याचे नाव बेलेरोफॉन. हे एका प्रजातीचे नाव आहे. जवळच्या नात्यातल्या अनेक जाती त्याखाली येतात. या प्रजातीचा मोठा गोतावळा कँब्रियन कल्पाच्या अखेरीस, सुमारे ४९ कोटी वर्षांपूर्वी, खडकांत दिसू लागतो आणि ट्रायासिक कल्पाच्या सुरुवातीला, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, नाहीसा होतो. एवढा दीर्घकाळ नांदलेल्या या घराण्याची कवचे युरोप, अमेरिका आणि आशिया खंडांतल्या चुनखडकांत भरपूर मिळतात. दोनशे वर्षांहून अधिक काळ अभ्यासक ती तपासत आले आहेत. तरीही हा प्राणी गोगलगायींच्या वर्गात बसवायचा की दुसऱ्याच वर्गात, या प्रश्नाने पिढ्यान्‌पिढ्या वाद घडवला, आणि तो वाद पूर्ण शमलेला आहे असे आजही म्हणता येत नाही.

एका लुप्त प्रजातीच्या वर्गीकरणावर अख्खे पुस्तक कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडणे रास्त आहे. माझे उत्तर असे: वर्गीकरण हे कधीही कुणी न पाहिलेल्या शरीराविषयी केलेले विधान असते. बेलेरोफॉनला गोगलगाय म्हटले की आपण त्याचे डोके, गुदद्वार, कल्ले आणि स्नायू कुठे होते हे सांगून बसतो. त्याला दुसऱ्या वर्गात ठेवले की तेच कवच उलट दिशेने चालू लागते. हातातल्या दगडावरून हरवलेल्या देहाकडे विचार कसा जातो, तो कुठे अडतो आणि अडल्यावर वाट कशी काढतो, हे बेलेरोफॉनइतके स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आधी कवचाकडे पाहू. देवघरातला शंख मराठी घरांत ओळखीचा आहे. त्याचे वेढे खालून वर चढत जातात, एका बाजूला टोक निघते आणि मुख कडेला येते. बहुतेक शंखांचे वेढे एकाच दिशेने वळतात. उलट दिशेने वळलेला शंख इतका दुर्मीळ, की दक्षिणावर्ती म्हणून त्याची पूजा होते. गोगलगायींच्या कवचाला असे डावे-उजवे असते. बेलेरोफॉनच्या कवचाला ते नाही. त्याचे वेढे एकाच पातळीत, स्वतःभोवती गुंडाळलेले असतात आणि शेवटचा फुगीर वेढा आधीच्या वेढ्यांना बराचसा झाकून टाकतो. कवच मधोमध उभे कापले तर दोन्ही अर्धे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात. मुख रुंद आणि समोर उघडे. मुखाच्या वरच्या ओठात, अगदी मध्यरेषेवर, एक खाच असते. प्राणी वाढतो तशी खाच पुढे सरकते आणि मागचा भाग भरून येतो, त्यामुळे कवचाच्या पाठीवर मधोमध एक अरुंद पट्टी उमटत जाते. या पट्टीवर वाढीच्या बारीक चंद्रकोरी रेषा दिसतात. सममिती, मधली खाच आणि ही पट्टी: पुढच्या सगळ्या वादाची मुळे या तीन गोष्टींत आहेत.

प्रजातीला नाव दिले पिएर दनी द माँफोर या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने, १८०८ मध्ये. ग्रीक पुराणात पंखांच्या घोड्यावर बसून कायमेरा या राक्षसी प्राण्याला मारणारा जो वीर आहे, त्याचे हे नाव. माँफोरची कीर्ती विज्ञानाच्या इतिहासात फारशी चांगली नाही. जहाजांना विळखा घालून बुडवणाऱ्या प्रचंड ऑक्टोपसची वर्णने त्याने गंभीरपणे छापली आणि त्याच्या शब्दावरचा विश्वास उडाला. बेलेरोफॉनविषयीही त्याचा निष्कर्ष चुकला. एकाच पातळीत गुंडाळलेले कवच पाहून त्याने ते आतून पडद्यांनी विभागलेले आहे असे धरले आणि त्याला नॉटिलसच्या बाजूला, म्हणजे आजच्या भाषेत शीर्षपाद प्राण्यांत, बसवले.

ही चूक समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे पूजेत असलेला गंडकीचा शाळिग्राम हा अमोनाइट या लुप्त शीर्षपाद प्राण्याचा जीवाश्म असतो. त्यातले चक्रही एकाच पातळीत वळलेले असते. पण शाळिग्राम फोडला तर आत पडद्यांनी केलेले कप्पे दिसतात. प्राणी फक्त शेवटच्या कप्प्यात राहायचा आणि मागच्या कप्प्यांतल्या वायूमुळे तरंगायचा. बेलेरोफॉनचे कवच आतून मुखापासून पार मागच्या टोकापर्यंत मोकळे आहे. बाहेरून सारखी दिसणारी दोन कवचे आतून दोन वेगळी आयुष्ये सांगतात. माँफोरने बाहेरच्या वळणावर भिस्त ठेवली.

तरी त्याच ग्रंथात त्याने एक गोष्ट इतकी नीट केली, की तिच्याशिवाय पुढची दोनशे वर्षांची चर्चा शक्य झाली नसती. प्रत्येक नव्या प्रजातीसाठी त्याने एक जाती ‘या प्रजातीचा नमुना’ म्हणून स्पष्टपणे नेमून दिली. बेलेरोफॉनसाठी ती जाती म्हणजे बेलेरोफॉन व्हॅसुलाइटिस. आजच्या प्राणिनामकरणाच्या नियमांत प्रत्येक प्रजातीला अशी एक नमुनाजाती असावीच लागते. प्रजातीची व्याख्या बदलू शकते, तिची सीमा आकसू किंवा पसरू शकते, ती एका कुलातून दुसऱ्या कुलात जाऊ शकते. पण नाव त्या एका जातीशी बांधलेले राहते. निष्कर्ष चुकूनही नाव टिकले ते यामुळे. वाचकाने हे पहिल्यापासून ध्यानात ठेवावे, कारण शेवटी आपल्याला याच मुद्द्यावर यायचे आहे.

कवच आतून मोकळे आहे हे कळल्यावर एकोणिसाव्या शतकात बेलेरोफॉनसाठी नव्या घराचा शोध सुरू झाला. पातळ, सममित कवच पाहून काहींना अर्गोनॉटा हा शीर्षपाद प्राणी आठवला. पण अर्गोनॉटाचे कवच हे मादीने अंड्यांसाठी केलेले पात्र असते आणि त्याला बेलेरोफॉनसारखी खाच नसते. काहींनी त्याला खुल्या समुद्रात तरंगणाऱ्या पातळ कवचाच्या गोगलगायींशेजारी ठेवले. तिथे सममिती थोडीफार जुळते, मात्र तरंगत्या प्राण्याला न परवडणारे बेलेरोफॉनचे जाड, जड कवच जुळत नाही.

मग लक्ष खाचेकडे गेले आणि चर्चेचा रोख बदलला. मुखाच्या ओठात खाच आणि तिच्या मागे पट्टी, ही रचना प्ल्यूरोटोमारिया आणि तिच्या नात्यातल्या गोगलगायींत असते. हा गट बराच काळ केवळ जीवाश्मांतून माहीत होता. १८५६ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटाजवळ मिळालेल्या त्याच्या एका जिवंत जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे अशा जिवंत जाती अभ्यासायला मिळाल्या तेव्हा खाचेचे काम समजले. या गोगलगायींना दोन कल्ले असतात. पाणी बाजूंनी आत येते, कल्ल्यांवरून जाते आणि विष्ठा घेऊन मधल्या खाचेतून बाहेर पडते. आजच्या बहुतेक गोगलगायींत एकच कल्ला उरला आहे. दोन कल्ले ही जुनी ठेवण आहे. तेव्हा सममित कवच, मधोमध खाच, म्हणजे सारखे दोन कल्ले, म्हणजे गोगलगायींच्या अगदी आरंभीच्या ठेवणीतला प्राणी, अशी विचारांची साखळी तयार झाली. ती देखणी होती आणि तिने बेलेरोफॉनला दीर्घकाळ गोगलगायींत स्थिर केले.

याच काळात भारतीय उपखंडाचा या कथेत प्रवेश होतो. विल्हेल्म वागेन हे भूवैज्ञानिक १८७०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करत होते. आज पाकिस्तानातल्या पंजाबात असलेल्या मिठाच्या डोंगररांगेतले पर्मियन कल्पाचे जीवाश्म त्यांनी अभ्यासले आणि कलकत्त्याहून निघणाऱ्या ‘पॅलिऑंटोलॉजिया इंडिका’ या मालिकेत ते सविस्तर प्रसिद्ध केले. गोगलगायींवरचा भाग १८८० चा. तोवर बेलेरोफॉन हे नाव एखाद्या सैल झोळीसारखे झाले होते. सममित, गुंडाळलेले जे दिसेल ते त्यात पडत होते. वागेन यांनी खाच किती खोल, पट्टी दिसते की नाही, वेढे किती झाकले जातात, पृष्ठावर कोणत्या रेषा आहेत, हे बारकाईने पाहून ही झोळी रिकामी करायला घेतली आणि वॉर्थिया, स्टॅकेला, मोगुलिया अशा वेगळ्या प्रजाती मांडल्या. स्टॅकेला हे नाव गुइडो श्टाखे यांची आठवण करून देते. त्यांनी त्याआधी काही वर्षे दक्षिण टिरोलमधल्या बेलेरोफॉनयुक्त चुनखडकांतल्या जीवाश्मांचे वर्णन केले होते.

मराठी वाचकाच्या मनात साहजिकच येईल, की आपल्या मातीत हा प्राणी मिळेल का. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या बेसॉल्टने व्यापला आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा बेलेरोफॉनला नाहीसे होऊन अठरा कोटी वर्षे लोटली होती. विदर्भात पर्मियन कल्पाचे खडक आहेत आणि चंद्रपूरचा दगडी कोळसा त्यांतलाच. पण तो नद्या आणि दलदलींच्या गाळात घडला. त्याच कल्पात वायव्येकडे उथळ समुद्र होता आणि बेलेरोफॉनची घराणी तिथे नांदत होती. म्हणून या पुस्तकातले बहुतेक नमुने आपल्या हद्दीबाहेरचे आहेत, आणि ते तसेच असायला हवेत.

आता वादाच्या गाभ्याकडे येऊ. गोगलगाय गोगलगाय ठरते ती कवचाच्या वेढ्यामुळे, असा समज सर्वसाधारण आहे. तो खरा नाही. गोगलगायींची, म्हणजे उदरपाद वर्गाची, खरी खूण म्हणजे शरीराला पडणारा पीळ. डिंभ अवस्थेत तिच्या आतड्यांचा आणि कवचाचा सगळा पसारा डोके आणि पाय यांच्या तुलनेत अर्धा फेरा फिरतो. मागे असायला हवे ते गुदद्वार पुढे, डोक्याच्या वर येते. कल्लेही पुढे येतात. कवचाचे वेढे ही वेगळी गोष्ट आहे. अमोनाइटला वेढे आहेत, पीळ नाही. काही गोगलगायींचे कवच साध्या टोपीसारखे असते, पण शरीराला पीळ असतो. आणि अडचण अशी, की हा पीळ कवचावर सरळ अशी कोणतीही खूण ठेवत नाही. वर्ग ठरवणारे लक्षण नेमके तेच, जे दगडात उतरत नाही.

बेलेरोफॉनच्या बाबतीत यातून एक साधा आणि भेदक प्रश्न उभा राहतो: डोके कोणत्या बाजूला? पीळ असेल, तर खाच पुढे, डोक्याच्या वर येते आणि कवचाची गुंडाळी पाठीमागे राहते. पीळ नसेल, तर गुंडाळी पुढे डोक्यावर झुकते आणि खाच मागे, शेपटाकडे जाते. दोन्ही मांडण्यांत खाच गुदद्वाराच्या जवळच राहते आणि घाण बाहेर टाकण्याचे काम करू शकते. त्यामुळे खाचेवरची ती देखणी साखळी एकाएकी दोन्ही बाजूंना साक्ष देऊ लागते. एकच कवच, एकच खाच, आणि दोन विरुद्ध दिशांना चालणारे दोन प्राणी.

हा प्रश्न धारदार झाला तो १९४० मध्ये. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या सिल्युरियन चुनखडकांतून गुस्ताफ लिंडस्ट्रॉम यांनी एकोणिसाव्या शतकात ट्रिब्लिडियम आणि त्यासारखी टोपीच्या आकाराची कवचे वर्णन केली होती. त्यांच्या आतल्या बाजूला स्नायू चिकटल्याचे वण होते आणि हे वण जोड्याजोड्यांनी, दोन्ही बाजूंना सारखे होते. जर्मन अभ्यासक विल्हेल्म वेंट्स यांनी १९४० मध्ये या वणांचा अर्थ लावला: इतकी सममित मांडणी असलेल्या शरीराला पीळ पडलेला नसणार. तेच त्यांनी बेलेरोफॉनच्या गोतावळ्यालाही लावले. अमेरिकेत जे. ब्रुक्स नाइट यांनी याला उत्तर दिले. १९४७ मध्ये त्यांनी बेलेरोफॉनच्या नात्यातल्या कवचांतले स्नायूंचे वण प्रसिद्ध केले आणि १९५२ मध्ये आदिम गोगलगायींवर सविस्तर मांडणी केली. ट्रिब्लिडियम आणि त्याचे सोबती पीळ नसलेले, हे त्यांना मान्य होते. पण बेलेरोफॉनमध्ये वणांची एकच जोडी आणि तीही कवचाच्या आत खोलवर, आतल्या वेढ्याच्या दोन बाजूंना सापडते. अनेक जोड्या पाठीवर पसरलेल्या नसतात. हा प्राणी गोगलगायीसारखा स्वतःला कवचात आत ओढून घेणारा होता, तेव्हा तो पीळ पडलेला उदरपादच, असे नाइट यांचे म्हणणे.

आणि मग समुद्रानेच या चर्चेत भर घातली. १९५२ च्या मे महिन्यात ‘गॅलॅथिया’ या डॅनिश संशोधन जहाजाने कोस्टारिकाच्या पश्चिमेला, साडेतीन हजार मीटरांहून खोल तळातून, टोपीसारख्या कवचाचे काही जिवंत प्राणी वर काढले. १९५७ मध्ये हेनिंग लेम्के यांनी त्यांचे वर्णन निओपिलिना गॅलॅथी या नावाने जाहीर केले. ज्यांच्यासारखी कवचे फक्त पुराजीव महाकल्पातल्या खडकांत माहीत होती, त्या मोनोप्लॅकोफोरा वर्गातले प्राणी जिवंत निघाले. त्यांच्या शरीरात पीळ नव्हता, स्नायूंच्या आठ जोड्या होत्या, कल्लेही जोड्याजोड्यांनी होते. वणांवरून वेंट्स आणि नाइट यांनी ट्रिब्लिडियमविषयी जे अनुमान केले होते, ते प्रत्यक्ष शरीरात खरे उतरले. दगडावरच्या पुसट खुणेवरून मऊ देहाची रचना ओळखता येते, याची इतकी ठाम कसोटी पुराजीवशास्त्राला क्वचितच मिळाली आहे.

पण या यशाने बेलेरोफॉनचा प्रश्न सुटण्याऐवजी अधिकच मोठा झाला. पीळ नसलेला एक अख्खा वर्ग आता हाताशी होता. प्रागचे राडव्हान होर्नी यांनी स्नायूंच्या वणांच्या आधारे काही सममित, वळलेली कवचे या वर्गात नेली. १९६५ मध्ये त्यांनी सिर्टोलाइटिस ही प्रजाती मोनोप्लॅकोफोरांत ठेवली. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियातले ब्रूस रनेगार आणि पीटर जेल यांनी त्या खंडातल्या मध्य कँब्रियन मृदुकाय प्राण्यांच्या अभ्यासावरून बेलेरोफॉनचा सगळा गोतावळाच पीळ नसलेल्यांत जमा केला. अमेरिकेत हार्पर आणि रोलिन्स यांनी कवचाच्या कार्याच्या दृष्टीने उलट बाजू मांडली: कवच खोल, मुख ठरावीक आकाराचे आणि स्नायू आतल्या वेढ्याला चिकटलेले असतील तर तो प्राणी पूर्ण आत शिरणारा असतो, आणि ही गोगलगायीची रीत आहे. त्याच बाजूने रेमंड मूर यांनी १९४१ मध्ये कॅन्ससच्या कार्बनी खडकांतून वर्णन केलेली नाइटाइट्स ही प्रजातीही बोलते. तिच्या कवचावर मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना नळ्यांसारख्या शिंगांच्या जोड्या आहेत. बाजूंच्या नळ्यांतून पाणी आत, मधल्या खाचेतून बाहेर, असा प्रवाह त्यांवरून कल्पिता येतो, आणि पाणी आत घेण्याच्या नळ्या पुढच्या बाजूला असणे अधिक पटते.

या पुस्तकाचा मोठा भाग हे पुरावे प्रत्यक्ष मिळतात कसे, याला दिला आहे. वादांचे निकाल नमुन्यांच्या स्थितीवर ठरतात. मूळ कवच बहुतेक वेळा विरघळून जाते आणि उरतो तो आत भरलेल्या गाळाचा घट्ट साचा. स्नायूचा वण कवचात किंचित खोलगट असेल तर साच्यावर तो किंचित उंचवटा होऊन दिसतो. तिरप्या उजेडाशिवाय तो नजरेला पडत नाही. कुठे कुठे उलट घडते: कवचाची जागा सिलिका घेते आणि भोवतीचा चुनखडक तसाच राहतो. तो खडक आम्लात बुडवला की चुनखडी विरघळते आणि कवच बारीकसारीक नक्षीसह मोकळे होते. टेक्ससमधल्या ग्लास पर्वतातल्या पर्मियन जीवाश्मांचा खजिना असाच हाती आला, आणि त्यातल्या बेलेरोफॉनच्या नातेवाइकांचे एलिस योकेलसन यांनी १९६० मध्ये केलेले वर्णन आजही पायाभूत मानले जाते.

कवचाची सूक्ष्म रचना हा आणखी एक साक्षीदार. कोपलँड मॅक्लिंटॉक यांनी १९६७ मध्ये दाखवले, की उत्तम टिकलेल्या नमुन्यांत कवचाचे थर एकमेकांना छेद देणाऱ्या पातळ पापुद्र्यांनी बनलेले असतात. प्ल्यूरोटोमारियाच्या नात्यातल्या गोगलगायींच्या कवचाच्या आत मोत्यासारखी चमक देणारा थर असतो. तो इथे नाही. म्हणजे ज्या साम्यामुळे बेलेरोफॉन गोगलगायींत स्थिरावला, ते खाचेचे साम्य जवळच्या नात्यातून आलेले नसावे. मात्र छेद देणाऱ्या पापुद्र्यांची रचना मृदुकाय प्राण्यांत एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवली आहे, त्यामुळे तीही एकटी निकाल देत नाही. राहते ते आद्यकवच, म्हणजे डिंभ अवस्थेत बनलेले अगदी टोकाचे कवच. प्राण्याच्या वाढीची पहिली पाने तिथे असतात. ते मिलिमीटरच्या अंशाएवढे असते आणि क्वचितच शाबूत मिळते. मिळेल तेव्हा ते मोलाचे असते.

हे सगळे वाचताना एक गोष्ट स्पष्ट होत जाते, आणि तीच या पुस्तकाची भूमिका आहे. वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले होते. सममित गुंडाळी असलेली सगळी कवचे एकाच घराण्याची आहेत का, हा एक प्रश्न. बेलेरोफॉन ही प्रजाती कोणाची, हा दुसरा. एकाच पातळीत कवच गुंडाळणे ही जागा वाचवणारी, मजबूत रचना आहे. शीर्षपादांनी ती केली, पीळ नसलेल्यांपैकी काहींनी केली, गोगलगायींनीही केली. साम्य दोन वाटांनी येते: पूर्वज एक असल्यामुळे किंवा जगण्याची रीत एक असल्यामुळे. सिर्टोलाइटिसच्या वणांवरून बेलेरोफॉनविषयी निकाल देणे म्हणजे ही दुसरी वाट नाही असे न तपासता धरून चालणे. सममित कवचांचा तो मोठा ढिगारा बहुधा मिश्र आहे; त्यातले काही पीळ नसलेले आहेत, काही उदरपाद आहेत. बेलेरोफॉनचा निकाल बेलेरोफॉनच्याच नमुन्यांवर, आणि शेवटी माँफोरने नेमून दिलेल्या त्या नमुनाजातीशी जवळीक दाखवणाऱ्या नमुन्यांवर व्हायला हवा. अशा नमुन्यांत दिसणारी आतल्या वेढ्यावरच्या वणांची एक जोडी, खोल कवच आणि आत शिरण्याची सोय पाहता, तो पीळ पडलेला उदरपाद होता हे मत मला अधिक बळकट वाटते. ते बदलायला काय पुरेसे होईल तेही सांगतो: नमुनाजातीच्या निकटच्या कवचात पाठीवर पसरलेल्या वणांच्या अनेक जोड्या सापडल्या, तर हे मत सोडावे लागेल.

अधिकृत याद्यांचा प्रवासही याच दिशेने झाला आहे. फिलिप बुशे आणि जाँ-पिएर रोक्रुआ यांनी २००५ मध्ये केलेल्या गोगलगायींच्या कुलांच्या यादीत बेलेरोफॉनचा गट ‘उदरपाद किंवा मोनोप्लॅकोफोरा, स्थान अनिश्चित’ अशा शीर्षकाखाली ठेवला होता. २०१७ च्या सुधारित यादीत तो उदरपादांत आला, पण अँफिगॅस्ट्रोपोडा या स्वतंत्र, लुप्त उपवर्गात. २००५ ची ती नोंद अनेकांना हार वाटते. मला ती शास्त्राची शिस्त वाटते. पुराव्याने जेवढे सांगितले तेवढेच लिहायचे आणि उरलेल्या जागेवर अनिश्चित असे स्पष्ट लिहायचे, यामुळेच पुढच्या अभ्यासकाला काम नेमके कुठे करायचे ते कळते.

हा प्रश्न केवळ संग्रहालयातल्या खणांपुरता नाही. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन कल्पाच्या शेवटी, समुद्रातल्या बहुतांश जाती नष्ट झाल्या. पृथ्वीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा संहार. उत्तर इटलीतल्या डोलोमाइट पर्वतरांगेत या काळाचा खडकसमूह बेलेरोफॉनच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्याच्यावरच्या थरांत संहारानंतरचा रोडावलेला समुद्र दिसतो. बेलेरोफॉनचे घराणे त्या संहारात पूर्ण संपले नाही. त्यातल्या काही प्रजाती ट्रायासिकच्या सुरुवातीला पोहोचल्या आणि त्यानंतर काही काळातच नाहीशा झाल्या. संहारातून वाचूनही पुढे न टिकणाऱ्या घराण्यांकडे डेव्हिड जॅब्लॉन्स्की यांनी २००२ मध्ये लक्ष वेधले. आंद्रेय काइम आणि अलेक्झांडर न्यूट्झेल यांनी २०११ मध्ये बेलेरोफॉनच्या गोतावळ्याचा हा शेवटचा अध्याय त्याच दृष्टीने मांडला. संहारात किती प्रजाती गेल्या, किती वाचल्या, वाचलेल्या का सावरल्या नाहीत, हे हिशेब करायचे तर आधी प्रजातींच्या सीमा पक्क्या हव्यात. सैल नावाखाली तीन वेगळे प्राणी असतील तर एकाचे मरण दुसऱ्याच्या जगण्याखाली झाकले जाते. आजच्या समुद्रांत जे चालले आहे ते समजून घेण्यासाठी जुन्या संहारांकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला ही मोजणी लागणार आहे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात कवचाची रचना आणि नामकरणाचे नियम आहेत. दुसऱ्यात माँफोरपासून वागेन यांच्यापर्यंतचा इतिहास, तिसऱ्यात पिळाचा प्रश्न आणि निओपिलिनाचा शोध. चौथा भाग पुराव्यांचा: वण, खाच, सूक्ष्म रचना, आद्यकवच. पाचव्यात प्रजातीची सीमा कशी आखावी आणि नात्यातल्या प्रजातींपासून ती कशी वेगळी ओळखावी, याचे टप्पे दिले आहेत. प्रजाती, जाती, कुल, वर्ग हे शब्द मराठी विश्वकोशाने रूढ केलेल्या अर्थांनी वापरले आहेत. प्राण्यांची लॅटिन नावे मात्र जशी उच्चारली जातात तशी ठेवली आहेत, कारण ती जगभर एकच असतात.

विद्यार्थ्यांना एक आग्रहाचे सांगणे आहे. चौथा भाग वाचण्याआधी तिसऱ्या भागातला डोके कोणत्या बाजूला हा प्रश्न स्वतः सोडवून पाहावा. कवचाची आकृती कागदावर काढावी, एकदा खाच पुढे ठेवून शरीर आखावे, एकदा मागे ठेवून. प्रत्येक मांडणीत पाणी कुठून आत येते, घाण कुठून बाहेर जाते, धोका आल्यावर प्राणी आत कसा शिरतो, हे बाणांनी दाखवावे. मग चौथ्या भागातला प्रत्येक पुरावा त्या दोन आकृत्यांवर ताडून पाहावा आणि कोणती आकृती कुठे तुटते ते टिपावे. माझा निष्कर्ष मान्य व्हावा अशी अपेक्षा नाही. तो कोणत्या पुराव्यावर उभा आहे आणि कोणत्या पुराव्याने कोसळेल, हे वाचकाला स्वतः सांगता आले, तर वर्गीकरण म्हणजे काय ते त्याला कळले. तेवढ्यासाठीच हे पुस्तक लिहिले आहे.